पाच दिवस, पाच नद्या आणि बर्फाची पेटी

दिवाळी सरली, भाताच्या कापणीला जोर आला की माझी ही फेरी ठरलेली. सोमवारी निघायचं, रोज रात्री बेळगावात परत यायचं आणि शुक्रवारी संपवायचं. पाण्याचे नमुने घ्यायच्या जागा मी अकरा वर्षांत बदललेल्या नाहीत. कुठल्या पुलाखाली, कितव्या खांबाजवळ, कुठल्या खडकावर उभं राहून, हे सगळं वहीत लिहून ठेवलंय. गोड्या पाण्याची तपासणी हेच माझं काम आहे.

यंदा सोबत एक नवी पोरगी होती. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालेली, खानापूर तालुक्यातलीच. तिच्या आईनं मला फोनवर एकच विचारलं होतं, "बाई, ह्यात पोटापाण्याचं काय होतंय काय?" मी म्हटलं, पाच दिवस पाठवा, मग तीच सांगेल.

पहिला दिवस : कणकुंबी, असोगा

पहाटे साडेपाचला ड्रायव्हर मामांनी गाडी काढली. मागे बर्फाची पेटी, काचेच्या बुचाच्या तीनशे मिलिलिटरच्या बाटल्या, दोरी बांधलेली बादली, पीएचचा मीटर, जाळी, पांढरा ट्रे, गमबूट. पिरनवाडी, किणये करत जांबोटी येईपर्यंत उजाडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं भात, मध्येच कापून आडवं घातलेलं. जांबोटीच्या पुढे जंगल सुरू झालं आणि गाडीच्या काचांवर दहिवर धरलं.

कणकुंबीत माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. इथून ती पूर्वेला वळते, खानापूर, सौंदत्ती करत ३०४ किलोमीटर जाऊन कूडलसंगमाला कृष्णेला मिळते, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागरात. त्याच कणकुंबीच्या शिवारातला कळसा नाला मात्र पश्चिमेला उतरतो, म्हादई नदीला मिळतो आणि गोव्यातून अरबी समुद्र गाठतो. एका डोंगराच्या माथ्यावरचा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. कर्नाटक आणि गोव्याचा तंटा याच वाटणीवरून आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लवादानं कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यातलं ३.९ टीएमसी कळसा-भांडुरातून मलप्रभेत वळवायचं, हुबळी-धारवाडच्या पिण्यासाठी. पोरगीला हे सगळं बातम्यांतून माहीत होतं, पण पाणलोटाची ती रेषा तिनं कधी पाहिली नव्हती. मी तिला रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि दोन्हीकडचे उतार दाखवले. बराच वेळ ती काही बोलली नाही.

देवळापासून खाली ओढ्यात उतरलो. पाणी घोट्याएवढं, थंडगार. जाळी प्रवाहात आडवी धरायची, तिच्या वरच्या अंगाला पायानं दगड हलवायचे, सुटलेले किडे वाहत जाळीत येतात. ट्रेमध्ये ओतल्यावर आधी नुसता पाचोळाच दिसतो. मिनिटभर थांबलं की पाचोळा चालायला लागतो.

"मॅडम, ही काडी हलतेय!"

ती काडी नव्हती. वाळूचे कण लाळेनं एकमेकांना चिकटवून स्वतःभोवती नळकांडं बांधणारी एक अळी असते, ती होती. शेजारी मेफ्लायची पिल्लं, तीन शेपट्यांची, पोटाच्या कडेनं पानासारखे कल्ले फडफडवणारी. त्यांच्यातली मोठी झालेली माशी हवेत जेमतेम एखादा दिवस जगते. पाण्यातलं बालपण मात्र महिनोन्महिने. दोन शेपट्यांची स्टोनफ्लायही सापडली. या तिघी एका ओढ्यात असल्या की मला मीटर काढायच्या आधीच हायसं वाटतं. मीटर फक्त आत्ताच्या क्षणाचं सांगतो. गेल्या पंधरवड्यात रात्री कुणी काही सोडून गेलं असेल तर ते पाणी कधीच वाहून गेलं, पण हे किडे इथंच होते. त्यांना पळून जाता येत नाही. म्हणून त्यांची साक्ष मी फार मानते.

मग ऑक्सिजनची बाटली. बुडबुडा न शिरू देता पाण्याखालीच भरायची, त्यात मँगॅनस सल्फेट आणि आयोडाइड-अझाइड मिसळलेला अल्कली सोडायचा, बूच लावून उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर तो पांढराच राहतो. विंकलर नावाच्या माणसानं ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काढली आणि अजून तिच्यावर भिस्त आहे. कणकुंबीची बाटली जुन्या गुळासारखी गडद तपकिरी झाली. पोरगीनं ती उजेडात धरली. मी तिला म्हटलं, हा रंग लक्षात ठेव, उद्या लागेल.

परतताना कुसमळीच्या पुलावर एक नमुना घेतला आणि खानापूरच्या वाटेला लागलो. असोग्याला रामलिंगेश्वराच्या देवळाखाली घाटावर एक आज्जी धुणं धूत होती. बाटल्या बघून तिनं हात थांबवले.

"कुठं नेतायसा गं पाणी?"

"तपासायला, आज्जी. चांगलं आहे का बघायला."

"मी धा वर्साची असल्यापास्नं हितं धुतो. चांगलं हाय का न्हाई मला इचार की." मग जरा थांबून, "पयलं उन्हाळ्यात बी तळ दिसायचा. आता शेवाळ धरतंय. साबण हातातनं सुटायच्या आत दगूड निसरडा हुतोय."

मी तिचं सगळं तारखेसकट वहीत लिहून घेतलं. शेवाळ वाढलं म्हणजे नायट्रोजन-फॉस्फरस वाढला, हे मी नंतर प्रयोगशाळेत सिद्ध करणार. पण ते कधीपासून, हे मला आज्जीशिवाय कोण सांगणार? माझी वही अकरा वर्षांची, तिची साठाची.

खानापूरहून बेळगावला येताना पोरगीनं आईचा प्रश्न शेवटी स्वतः विचारला. मी तिला सरळ सांगितलं. रसायन, प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्रातून बी.एस्सी. करून पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करता येते. मी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात गेले. पुढे वाटा फुटतात. राज्याची आणि केंद्राची प्रदूषण नियंत्रण मंडळं, नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, रुरकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था, जिचं कठीण खडकांच्या प्रदेशासाठीचं केंद्र आपल्या बेळगावातच आहे. शिवाय महापालिकांच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळा, खासगी प्रयोगशाळा, संशोधन प्रकल्प. प्रकल्पातली नोकरी दोन-तीन वर्षांची असते, मग पुन्हा शोधाशोध. माझी पहिली सात वर्षं तशीच गेली. आणि एक गोष्ट आपल्या भागातल्या मुलांना कुणी वेळेवर सांगत नाही. कर्नाटकातल्या सरकारी जागेसाठी कन्नड यायलाच हवं, लिहिता-वाचता. मी ते पंचविशीत शिकले, फार उशिरा. मराठी शाळेत शिकलेल्या पोरांनी ते बारावीच्या आत शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. नोकरी दूरच राहू दे, हुक्केरीच्या पलीकडे नदीकाठच्या माणसाशी बोलायचं तर 'नीरू' (पाणी) आणि 'होळे' (नदी) तोंडात असावं लागतं.

रात्री साडेनऊला बाटल्या सत्तावीस अंशांच्या पेटीत अंधारात ठेवल्या. पाण्यातली घाण पचवताना जंतू तीन दिवसांत किती ऑक्सिजन खातात ते मोजायचं असतं, त्याला बीओडी म्हणतात. सोमवारच्या बाटल्या आता गुरुवारी उघडायच्या.

दुसरा दिवस : राकसकोप, कंग्राळी, बळ्ळारी नाला

राकसकोपचा जलाशय मार्कंडेय नदीवर आहे. बेळगावची तहान हा आणि हिडकल असे दोघे मिळून भागवतात. पावसाळ्यात बेळगावकर पेपर उघडून आधी याची पातळी बघतात. २४७५ फुटांना भरला की गावभर समाधान पसरतं. परवा तो काठोकाठ होता. वाऱ्यानं पाण्यावर बारीक सुरकुत्या उठत होत्या. नमुना घेतला, साका तपकिरी. कंग्राळीला त्याच नदीचा दुसरा नमुना, तपकिरीच पण फिकट.

दुपारी वडगाव-शहापूरच्या शिवारात आलो. बळ्ळारी नाला इथून जातो. शहराचं सांडपाणी त्यात येतं, पावसाळ्यात तो फुगतो आणि दोन्ही अंगांची भाताची शेतं दिवसेंदिवस पाण्याखाली राहतात. बेळगावी बासमतीचं हे शिवार. पूर्वी पोटरी आली की नुसत्या वासानं वाट सापडायची असं जुनी माणसं सांगतात.

मी पोरगीला पुढे केलं. तिनं बादली सोडली, बाटली भरली, दोन्ही द्रावणं घातली, बूच लावून उलटी केली. साका पांढरा. दुधात चुना कालवल्यासारखा. तिनं पुन्हा हलवली आणि रंग बदलायची वाट बघत राहिली. तो बदलला नाही.

"माझं काही चुकलं का, मॅडम?"

"नाही. बरोबर केलंस."

दुसरी बाटली मी भरली. तीही पांढरी. पाण्यात श्वास घ्यायला काही उरलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. जाळी मारली तर रक्तकिड्यांशिवाय काही मिळालं नाही. त्या लाल अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, नावापुरत्या ऑक्सिजनवर त्या तग धरतात. एका शहरातून पाणी आत जातं ते राकसकोपचं आणि बाहेर पडतं ते असं. मधलं अंतर आमच्या घरांएवढंच आहे.

बांधावर एक शेतकरी येऊन उभे राहिले. मला ते ओळखतात. दरवर्षी एकच विचारतात, "काय निघालं?" मी दरवर्षी आकडे सांगते. यंदा म्हणाले, "बाई, तुम्ही मोजताय, आम्ही सोसतोय. पण मोजायचं सोडू नका. मागं आम्ही अर्ज दिला तवा सायबानं इचारलं, पुरावा काय? तुमचा कागद जोडला."

आमच्या कामात असं कुणी फार वेळा सांगत नाही. मी गाडीत येऊन थोडा वेळ गप्प बसले.

रात्री प्रयोगशाळेत पोरगीला दोन गोष्टी सांगितल्या, दोन्ही माझ्या. नोकरीला लागले तेव्हा एका सल्लागार कंपनीत होते. तिथं एका अहवालात मी लिहिलेला आकडा वरिष्ठांनी 'नमुना घेताना चूक झाली असावी' म्हणून गाळला. चूक झालेली नव्हती. मी सही केली, कारण घरभाडं थकलं होतं. तो दिवस मला अजून आठवतो. दुसरी गोष्ट माझ्याच हलगर्जीपणाची. पीएच मीटर ज्या द्रावणावर लावून घेतात ते मुदत संपलेलं होतं आणि मी बाटलीवरची तारीख पाहिली नव्हती. सहा महिन्यांच्या नोंदी फुकट गेल्या. त्या सहा महिन्यांत नदीचं काय झालं हे आता कुणालाच कधी कळणार नाही. तेव्हापासून प्रत्येक द्रावण उघडल्याची तारीख बाटलीवर लिहिते, आणि वहीत खाडाखोड करताना जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारते.

नाल्याचा नमुना तसाच ठेवून चालत नाही, त्यातला ऑक्सिजन आधीच संपलेला. तो स्वच्छ, हवा भरलेल्या पाण्यात वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून बाटल्या लावाव्या लागतात. त्या लावेपर्यंत अकरा वाजले. या शुक्रवारी उघडायच्या.

तिसरा दिवस : संकेश्वर

पहाटे साडेचारला निघालो, कारण हिरण्यकेशीवर उजाडायच्या आत पोचायचं होतं. शेवाळ असलेल्या पाण्यात दिवसा ऑक्सिजन बनतो आणि रात्री सगळे मिळून तो खातात. दुपारी बारा वाजता मोजलं तर नदी ठणठणीत दिसते. तिची खरी अवस्था पहाटे कळते, आणि मासेही पहाटेच मरतात. सरकारी कामाच्या वेळेत घेतलेल्या नमुन्यांत ही गोष्ट येतच नाही. माझं चाललं असतं तर दर ठिकाणी वर्षातून दोनदा तरी पहाटेचा नमुना सक्तीचा केला असता.

हिरण्यकेशी आंबोलीला उगवते. तिच्या उगमाच्या देवळातल्या पाण्यात लोचच्या जातीचा एक इवला मासा सापडला, २०२० मध्ये त्याचं शास्त्रीय नाव नदीवरूनच ठेवलं, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तीच नदी आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला येते तेव्हा दोन्ही तीरांवर ऊसच ऊस. घटप्रभा, वेदगंगा, दूधगंगा यांचंही तेच. उगम महाराष्ट्रात आणि वाट कर्नाटकात. अलीकडचे आकडे एका मंडळाकडे, पलीकडचे दुसऱ्याकडे. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून वाचायचे तर हाताला दोन्ही भाषा लागतात. सीमेवर वाढलेल्या माणसाला ते जमतं, आणि म्हणून हे काम आपल्यातल्या कुणीतरी करावं असं मला वाटतं.

गळिताचा हंगाम नुकताच सुरू झालेला. बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरची रांग पुलापर्यंत. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला चाळीस हजार मिलिग्रॅमच्या घरात, कधी त्याहूनही वर असतो. अंघोळीच्या नदीला केंद्रीय मंडळानं घातलेली मर्यादा तीन. म्हणूनच मद्यार्काच्या कारखान्यांनी थेंबही बाहेर सोडू नये असा दंडक आहे. पोरगीनं दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि मध्ये रेघ ओढली.

त्या पहाटेचा साका तपकिरी होता, पण पातळ चहासारखा. वाईट नाही, काळजी मात्र घ्यायला हवी. परतताना हिडकलला थांबलो, ५१ टीएमसीचं ते अथांग पाणी बघितलं, नमुना घेतला, काठावर बसून भाकरी-झुणका खाल्ला.

चौथा दिवस : गोकाक

घटप्रभा गोकाकला सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते. १८८७ मध्ये इथं पाण्यावर वीज केली होती. दिवाळीनंतरही धार चांगली जाड होती, तुषार झुलत्या पुलापर्यंत येत होते. पोरगीला धबधब्याच्या पायथ्याशी नमुना घ्यायचा होता. मी अडवलं. एवढ्या उंचीवरून आपटलेलं पाणी हवा पिऊन येतं, तिथं कुठलीही नदी निरोगी ठरेल. आमची जागा वर आहे, आणि दुसरी बरीच खाली, पाणी शांत झाल्यावर. धुपदाळला पक्षी अभयारण्यात करकोचे अजून यायचे होते. घरच्यांसाठी करदंट घेतलं आणि वेळेत परतलो.

कारण सोमवारच्या बाटल्या उघडायच्या होत्या. साका धरवला, सल्फ्युरिक ॲसिड घातल्यावर तो विरघळून मधासारखा पिवळा रंग आला. वरून थेंबथेंब थायोसल्फेट, शेवटी स्टार्च, गर्द निळा, आणि एका थेंबासरशी सगळं पाण्यासारखं. कणकुंबीच्या पाण्यानं तीन दिवसांत जवळजवळ काहीच ऑक्सिजन खाल्ला नव्हता. केंद्रीय मंडळाच्या सर्वांत वरच्या वर्गाला बीओडी दोनच्या आत लागतो. तो सहज होता. मात्र त्याच वर्गाला शंभर मिलिलिटरमध्ये पन्नासपेक्षा जास्त कोलिफॉर्म जंतू चालत नाहीत, आणि जिथं गुरं पाण्यात उतरतात तिथं ते राखणं अवघड जातं. असोग्याचा आकडा कणकुंबीपेक्षा वर होता. आज्जीचं शेवाळ आठवलं.

पाचवा दिवस : सदलगा, आणि परत

दूधगंगेच्या काठी सदलग्यात भिंतींवर २०१९ च्या महापुराच्या खुणा अजून दिसतात. एका घरावर तर तीन रेघा आहेत, २००५, २०१९, २०२१, आणि घरमालकांनी प्रत्येकीपुढे साल खडूनं नव्हे, रंगानं लिहिलंय. हीदेखील तपासणीच. त्यांना मी तसं म्हटलं तर ते खूश झाले आणि चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

बंधाऱ्यावर बरगे घालायचं काम चाललं होतं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा संपला की फळ्या बसवून पाणी अडवतात. आठ दिवसांपूर्वी वाहणारी नदी आता तळं होणार. बरग्यांच्या आधीचा आणि नंतरचा आकडा एकाच रकान्यात लिहिला तर दोन वेगळ्या पाण्यांची तुलना होते. म्हणून बरगे कधी पडले ती तारीख पाटकऱ्याला विचारून घ्यायची. पोरगीनं मी सांगायच्या आत विचारली.

संध्याकाळी प्रयोगशाळेत नाल्याच्या बाटल्या पेटीतून काढल्या. टायट्रेशन, म्हणजे थायोसल्फेटचे थेंब मोजायचं काम, तिनंच केलं. कमी पाणी मिसळलेल्या बाटल्यांत साका पुन्हा पांढराच, तीन दिवसांत दिलेला ऑक्सिजनही संपलेला. सर्वांत पातळ केलेल्या बाटलीत तेवढा मोजण्याजोगा उरला होता. तिनं ब्युरेट या मापनळीवरचा आकडा दोनदा वाचला, मला वाचायला लावला, मग पातळ केल्याच्या पटीनं गुणून वहीत लिहिला. अकराव्या वर्षाच्या रकान्यात, वरच्या दहांच्या खाली. मी न सांगताच तिनं शेजारी तारीख, वेळ आणि स्वतःची आद्याक्षरं घातली.

आईचा फोन आला तेव्हा ती बाटल्या धूत होती. "हो गं, येतो," एवढंच म्हणाली, आणि मग, "उद्या बी यायचं हाय. बुधवारच्या बाटल्या उघडायच्या हायत."

संकेश्वरच्या बाटल्या शनिवारी रात्री आठला उघडायच्या होत्या. मी पेटीचं तापमान बघितलं, सत्तावीस, आणि प्रयोगशाळेची किल्ली तिच्याकडे दिली.